अमेरिकेला जायचंय? आधी आजोबा नीट निवडा

काय भो, अमेरिकेचं ठरलंय म्हणे तुझं. एमएस, मग ओपीटी म्हणजे शिकून झाल्यावर थोडे दिवस नोकरीची परवानगी, मग एच-वन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, मग कायम राहायचं ग्रीन कार्ड, मग पोरगं तिकडचं सिटीझन, सगळं एक्सेलमध्ये मांडून ठेवलंयस, पण एक कॉलम राहिला ना राजा. जन्मसाल. डिग्र्या वगैरे तिकडे लय उशिरा विचारायला लागले, त्याच्या आधी बरीच वर्षं योग्य साली, योग्य रंगाचं होऊन बोटीतून उतरायचं, एवढीच काय ती परीक्षा होती.

माझं ऐकशील तर १८८५ धर. त्या साली जर्मनीतल्या काल्श्टाट गावचा १६ वर्षांचा एक पोरगा न्यूयॉर्कला उतरला, ना व्हिसा, ना मुलाखत, ना बँक बॅलन्स दाखवायची भानगड. पुढे तो गावी परत राहायला गेला तर तिथल्या सरकारने सैन्यभरती चुकवली म्हणून त्यालाच बाहेर काढला, म्हणून पुन्हा अमेरिका. त्याचा नातू डोनाल्ड ट्रम्प सध्या तिकडे परक्यांच्या बाबतीत काय करतोय ते तू रोज बातम्यांत बघतोसच.

आता जर्मन म्हणजे एकदम सेफ असं पण समजू नको हां. बेंजामिन फ्रँकलिनने १७५१ सालीच तक्रार करून ठेवलीये की हे जर्मन इंग्रजी शिकत नाहीत आणि रंगाने सावळे आहेत. जर्मन, सावळे! बिचाऱ्याला मे महिन्यात भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर दोन तास उभं करायला पाहिजे होतं.

चिनी होऊन जन्माला येणार असशील तर १८६९ च्या आधी जा. तेव्हा रेल्वे बांधायला माणसं पाहिजे होती, डोंगर फोडायला चिनी मजूर चालले, रूळ जोडून झाले, आणि १८८२ ला चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदाच आला. तो उठला १९४३ ला, कारण मध्येच जपानशी युद्ध लागलं आणि चीन एकदम दोस्त झाला. मग सढळ हाताने कोटा दिला, वर्षाला १०५ माणसं. वरची पाच कुठून आली कोण जाणे, घासाघीस झाली असेल.

आणि हो, महत्त्वाचं. जात तिकडे चालते का, असं तुझ्या आजीने विचारलं होतं ना? ट्राय करून झालंय. १७९० च्या कायद्यात नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला होतं. भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होता, त्याने नागरिकत्व मागितलं आणि वकिलाने कोर्टात काय मांडलं, तर हा उच्च जातीचा आर्य आहे, शास्त्रज्ञांच्या हिशोबाने कॉकेशियन आहे, म्हणजे गोराच. अक्षरशः स्थळाचा बायोडाटा वाचावा तसं! आता गंमत बघ, त्याच सुप्रीम कोर्टाने तीनच महिने आधी एका जपान्याला सांगितलं होतं की तू कॉकेशियन नाहीस म्हणून गोरा नाहीस, भले तुझी कातडी कशी का असेना. मग १९२३ ला थिंडला सांगितलं की तू कॉकेशियन असशील रे बाबा, पण साध्या माणसाला विचारलं तर तो काही तुला गोरा म्हणणार नाही. संपला विषय. एकाला शास्त्र दाखवलं, दुसऱ्याला शेजारीपाजारी. आपल्या तलाठी ऑफिसात पण एवढं सफाईने कोणी परत पाठवत नाही, तिथे निदान उद्या या म्हणतात.

१९२४ ची आयडिया तर आपल्या सोसायटीच्या पॅनलवाल्यांनी फ्रेम करून लावावी अशी आहे. कोणत्या देशाचे किती घ्यायचे ते जनगणनेवरून ठरवायचं, पण जनगणना घ्यायची १८९० ची, ३४ वर्षं जुनी, म्हणजे नंतर आलेले इटालियन, ज्यू, पोलिश आपोआप कमी. आपल्याला तर कोटाच नाही, भारत १९१७ पासूनच बंदीच्या पट्ट्यात. १९४६ ला दार किलकिलं झालं, सगळ्या हिंदुस्थानाला मिळून वर्षाला १००. सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या एका जनरल डब्यात नंदुरबारलाच याहून जास्त चढतात.

मग १९६५. प्रेसिडेंट जॉन्सनने स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी बसून हा जनगणनेवरचा कोटा उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि म्हणाला, हा काही क्रांतिकारी कायदा नाही, याने लाखो लोकांच्या आयुष्यात फरक पडणार नाही. झालं, आपले डॉक्टर-इंजिनियर निघाले बॅगा भरून. १९९० च्या कायद्यात एच-वन-बी आला, वर्षाला ६५ हजार, आणि अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप काढायला निघालेली कंपनी तोवर विप्रो झालेली, मग काय, तुपाच्या गावाचं नाव थेट न्यू जर्सीत. त्याच कायद्यात ग्रीन कार्डाला देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा पण आहे, लक्झेंबर्गला ७ आणि आपल्याला पण ७, म्हणजे वाडी आणि अख्खा जळगाव जिल्हा, दोघांना पाण्याचा एकेक टँकर. त्यात सप्टेंबर २०२५ ला बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जाला १ लाख डॉलर फी लावली. केळीला काय भाव मिळाला तर तेवढे जमतील याचा हिशोब वडिलांना करायला सांगू नको, बीपीची गोळी आधीच चालू आहे.

घाबरू नको, आपले काका आहेत ना तिकडे. दोन वर्षांनी येतात, शेतात बसून भरीत हाणतात, पाणी मात्र बाटलीचंच, आणि सांगतात, आता फार गर्दी झाली रे, बॉर्डर बंदच केली पाहिजे, आम्ही कसे कायदेशीर आलो. लायनीत उभं राहायला लागलं नाही म्हणून कायदेशीर, हे त्यांना सांगायची हिंमत माझ्यात नाही, आणि सुरतच्या उधन्याला निम्मं गाव पोट भरायला गेलेलं असताना एमआयडीसीत बिहारी पोरं दिसली की मी पण काय काय बोलतो ते जाऊ दे.

तर तुझ्यासाठी काकांना फोन केला होता. म्हणाले, सध्या वातावरण बरोबर नाही, एक-दोन वर्षं थांबू दे त्याला. आणि येणारच असला तर कळण्याचं पीठ आणि बिबडे पाठव म्हणाले, पॅकिंग नीट कर, कस्टमवाले फार त्रास देतात.