जुनी मच्छीमार बोट घ्यायचीय ना? मग घेऊनच टाका

तर तुम्ही डिसेंबरात हर्णैला गेला होतात, सुवर्णदुर्गाकडे ऊन कलत होतं, बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांमधली मासळी किनाऱ्यावर आणत होत्या, लिलावाचा कालवा चालू होता, आणि बाजूला वाळूत एक जुनी लाकडी बोट एका कुशीवर पडलेली दिसली. निळ्या रंगाचे पोपडे आलेले. बायको म्हणत होती, सुरमई घे आणि निघूया, घाटात अंधार होईल. पण तुम्हाला आतून काहीतरी झालं. झालं ना? मग आता मागे हटू नका.

पहिली गोष्ट, मालकाला "विकताय का" हे जरूर विचारा, पण "का विकताय" हे चुकूनही विचारू नका. तीस वर्षं हाच धंदा करणारा नाखवा चांगली कमावती बोट कोथरूडच्या माणसाला स्वस्तात का देईल, असले प्रश्न नकारात्मक लोकांना पडतात. तो म्हणेल, "साहेब, लाकूड सागवानी हाय, आता असं मिळत नाय." हे शंभर टक्के खरंय. असं लाकूड आता मिळत नाही. त्या बोटीतही फारसं उरलेलं नाही.

बोट बघायची तर पाण्यात असतानाच बघा. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण आपल्या पूर्वजांनी सल्ला म्हणूनच दिली असणार. खालचा भाग दिसला की उगाच मन विचलित होतं. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो, टेरेडो, त्याला सगळे किडा म्हणतात पण तो खरा शिंपल्याचा भाऊबंद, आणि फार सभ्य आहे बिचारा, बाहेरून टाचणीएवढं भोक पाडतो आणि बाकी सगळा कारभार आतल्या आत. आणि हो, स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाऊ नका. काही अतिशहाणे फळीत टोक दाबून बघतात, लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं तर तोंड पाडून परत येतात. तुम्ही ताजा ऑइल पेंट बघा. त्याच्या खाली लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरलीय ते ज्याचं त्याला माहीत.

इंजिन एका दमात चालू होईल, आणि तुम्ही खूश व्हाल. तुम्ही यायच्या तासभर आधी ते चालवून गरम करून ठेवलं होतं का, हे हात लावून बघायचं नाही, अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

मग येते दुरुस्ती, आणि खरी मजा इथेच. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात, ते म्हणणाऱ्याने होडीची डागडुजी केली नव्हती म्हणून दोनावर सुटला. सुतार म्हणेल, एक फळी बदलायची. ती काढली की शेजारच्या दोन हातात येतील, त्या काढल्या की आतली फासळी, आणि फासळीचे लोखंडी खिळे गंजून लाकडालाही सोबत घेऊन गेलेले. सुतार तरी कुठे मिळतोय, सगळं फायबरवर गेलंय, जुने जाणते एकतर थकले किंवा बंगल्यांची फर्निचरं करतात. तेव्हा कोणीतरी सुचवेल की जुन्या लाकडावरूनच फायबरचा थर मारून टाका. अवश्य मारा! ओल आत कोंडून राहते आणि लाकूड निवांतपणे कुजतं, शिवाय बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. (मला कसं माहीत ते विचारू नका. माझा अशाच एका बोटीत तिसरा हिस्सा आहे. बाकीचे दोघे हल्ली फोन उचलत नाहीत.)

कागदपत्रांचं टेन्शन घेऊ नका. बोट नावावर करणे, मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना, 1981 चा सागरी मासेमारीचा कायदा, विमा, एवढंच. 2008 साली हल्लेखोर पळवलेल्या मच्छीमार बोटीतूनच मुंबईजवळ आले होते, तेव्हापासून समुद्रात ओळखपत्रं तपासली जातात, त्यामुळे तुम्ही बर्म्युडा आणि दुर्बीण घालून निघालात की गस्तीवाल्यांना नक्कीच आनंद होईल. आणि "नाहीतर पर्यटक फिरवू" हा जो प्लॅन बी आहे ना, त्याला मेरीटाईम बोर्डाचा वेगळा परवाना लागतो, पण ते नंतर बघू.

खरेदीला मे महिना उत्तम. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे पैसे दिल्या दिल्या तुम्हाला 61 दिवस शांतता. फक्त बोट किनाऱ्यावर ओढायला माणसं लागतात आणि वरून नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारावी लागते, कारण खाऱ्या पाण्याने लाकूड टिकतं आणि पावसाच्या गोड्या पाण्याने कुजतं, हे तुम्हाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोनवर कळेल. "साहेब, झापांचे आन् माणसांचे पैसे पाठवा." पाठवा. यूपीआय आहेच.

नारळी पौर्णिमेला मात्र रजा टाकून जा. पाण्याबाहेर सुकून फळ्यांच्या फटी उघडल्या असतील, त्यामुळे बोट पाण्यात घातली की पाणी घेईल, दोन दिवस फळ्या फुगेपर्यंत उपसत बसायचं, हे अगदी नॉर्मल आहे, तिसऱ्या दिवशीही घेत असेल तर ते तेवढं नॉर्मल नाही. तुम्ही बादलीने उपसत असताना शेजारी एक नवीकोरी फायबरची होडी येईल, झेंडूच्या माळा लावलेली. ओळखीचा चेहरा असेल. नाखवा प्रेमाने हाक मारेल, "साहेब, या, नारळ तुमच्याच हातून सोडूया, तुमच्याच पैशाची हाय ना ही."