‘त्यांना तर सुपारीचंही व्यसन नाही’

‘अहो, त्यांना तर सुपारीचंही व्यसन नाही, तरी झाला बघा.’ फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटबद्दल आपण हे किती मायेनं बोलतो! बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. तरीही हे बोलणं थांबायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कारण ते शेजारच्या बाकावरच्या दुसऱ्या पेशंटच्या कानावर पडतं आणि त्याला सांगून जातं, की तुला झाला ते मात्र रास्तच झालं.

मिरजेत केमोच्या दिवशी ते माझ्या तात्यांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या कानावर पडलं. शेजारी बसलेली एक मुलगी सांगत होती, आईनं जन्मात मशेरीसुद्धा लावली नाही म्हणून. खरंच असणार तिचं. बिडी-सिगारेटला हात न लावलेल्यांनाही हा कॅन्सर होतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये असे पेशंट पुष्कळ असतात. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ साली जाहीर केलं, बाहेरच्या प्रदूषित हवेबद्दल २०१३ साली. तात्या तिथं काही बोलले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, ‘तिला बिचारीला उगंच झाला. माझं काय, मी मागून घेतलाय.’

मागून घेतलाय? मिसरूड फुटायच्या आधी तात्या गुऱ्हाळावर कामाला लागले. रात्रभर चुलवाणात चिपाड घालायचं, डोळा लागू नये म्हणून बरोबरच्या मोठ्या माणसानं बिडी हातात दिली. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. त्या वयात लागलेली बिडी पुढं सहजी सुटत नाही. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू पिकते, सरकार तिच्यावर कर घेतं, गावच्या टपरीवर बंडल मिळतं. एवढ्या सगळ्यांतून दोषी म्हणून आपण एकच माणूस उचलतो, जो खोकतोय तो. बिडीनं कॅन्सर होतो हे शंभर टक्के खरं आहे आणि ते ओरडून सांगितलंच पाहिजे. शाळेत सांगा, एसटी स्टँडवर सांगा, गुऱ्हाळावर जाऊन सांगा. केमोला बसलेल्या माणसाला ते सांगून काय मिळणार?

काय होतं ते मी बघितलंय. सुरुवातीला टीबी समजून एकेटीच्या, म्हणजे टीबीवरच्या गोळ्या झाल्या. आपल्याकडे हे बऱ्याच पेशंटच्या बाबतीत होतं, कारण खोकला, बारीक होणं आणि एक्स-रेवरचा डाग दोन्हींत सारखाच दिसू शकतो. टीबी म्हणून ताट-तांब्या वेगळा झाला, तो कॅन्सर ठरल्यावरही वेगळाच राहिला. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे घरच्यांना समोर बसवून सांगणारं कुणी भेटलंच नाही. पाहुणे चहा पिता पिता विचारायचे, ‘दिवसाला किती ओढत होता?’ तात्यांनी भजनाला जाणं सोडलं. डॉक्टरांना बिड्यांचा आकडा कमी सांगितला. दुखलं तरी बोलेनात. खर्चाचा विषय निघाला की म्हणायचे, ‘माझ्या पापापायी पोरांचं रान कशाला घालवता?’ उपचारांचा बराच भाग जनआरोग्य योजनेत बसत होता, तरी हेच. माणूस स्वतःलाच शिक्षा देत होता. निदान झाल्यावरही बिडी सोडली तर फायदाच होतो, पण शिव्यांना भ्यालेला माणूस परड्यात लपून ओढतो, सोडायला मदत मागायला येत नाही.

यावर आपल्याकडे ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच औषध. तेवढ्यानं भागत नाही हो. मनातली अपराधीपणाची गाठ बोलून मोकळी व्हावी लागते, आणि ती घरच्यांपुढं होत नाही. धाप लागली की जीव घाबरा होतो, जीव घाबरला की धाप आणखी वाढते. ती आवरायच्या श्वासाच्या सोप्या पद्धती आहेत, पण शिकवायला माणूस लागतं. घरच्यांनाही कुणीतरी सांगावं लागतं, काय विचारायचं आणि काय नाही.

हे काही वरचे लाड नव्हेत. बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या १५१ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१० साली तो छापून आला. निम्म्या लोकांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली, म्हणजे दुखणं, धाप, मन आणि घर या सगळ्यांकडं लक्ष. त्यांच्यात नैराश्याची लक्षणं १६ टक्क्यांना होती, बाकीच्यांत ३८ टक्क्यांना. आणि ते जगलेही जास्त: अगदी मधल्या पेशंटचा हिशेब धरला तर ११.६ महिने, बाकीच्यांत ८.९.

कुणाला मदत हवीय हे ओळखायला मशीनही लागत नाही. शून्य ते दहाची पट्टी दाखवून नर्सनं विचारायचं, ‘या आठवड्यात मनाला त्रास किती?’ चार किंवा त्यापुढं बोट गेलं, की समुपदेशकाकडं पाठवायचं. आम्ही जिथं दाखवत होतो तिथं वजन दर वेळी झालं, हा प्रश्न एकदाही नाही.

आज कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन करावा. बिडी सोडायला मदत हवी असेल तर १८००११२३५६.

आणि मिरजेच्या हॉस्पिटलांतली डॉक्टर मंडळी, ट्रस्टी कुणी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगणं आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लांबलांबची माणसं या गावाच्या भरवशावर येतात. केमोच्या दिवशी बाकांपाशी फिरणारा एक समुपदेशक ठेवा आणि दार लावून बोलता येईल अशी एक खोली द्या. ओढणारा, न ओढणारा असा भेद न करता प्रत्येकाला तिथं बसवा. समुपदेशकाला कन्नड येत असेल तर फारच बरं, अथणी-जमखंडीकडचे कितीतरी पेशंट त्याच बाकांवर असतात.