रॉकेट थेट 36,000 किमीवर सोडत नाही

इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटवरच्या लेखात ‘जीएसएलव्ही उपग्रह थेट 36,000 किमीवरच्या भूस्थिर कक्षेत सोडतं’ असं लिहिलंय, ते चूक आहे. रॉकेट सोडतं लंबवर्तुळाकार हस्तांतरण कक्षेत: जवळचं टोक साधारण 170 किमी, दूरचं 36,000च्या आसपास. पुढचं काम उपग्रहाच्या स्वतःच्या 440 न्यूटन इंजिनाचं. दूरच्या टोकाला वेग जेमतेम 1.6 किमी/सेकंद असतो, तो 3.07वर न्यायचा, शिवाय कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कलही शून्यावर आणायचा. म्हणून तर जीएसएलव्हीनेच सोडलेल्या इन्सॅट-3डीआर या हवामान उपग्रहाच्या 2,211 किलोंत निम्म्याहून जास्त इंधन होतं!

आणि जीएसएलव्हीच्याच ऑगस्ट 2021च्या ईओएस-03 उपग्रहाच्या उड्डाणाचं अपयश लेखात ‘इंजिन बिघडल्यामुळे’ म्हणणं फार ढोबळ झालं. हायड्रोजन टाकीचा व्हेंट-रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) गळला, दाब उतरला, त्यामुळे इंजिनाकडे हायड्रोजन ढकलणारा बूस्टर टर्बोपंप नीट चालला नाही आणि वरच्या टप्प्याचं क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणारं) इंजिन पेटलंच नाही. व्हॉल्व्हचं मऊ सील दुखावलं असावं, कचऱ्यामुळे किंवा बसवणीच्या ताणामुळे. उपाय म्हणून व्हॉल्व्ह मजबूत करणं आणि इंजिन सुरू होण्याआधी टाकीत दाब भरण्याची सोय सुचवली गेली.