मुंबईच्या उकाड्याने विषाणू मरत नाही

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरला. कोरोना सुरू झाला तेव्हा, २०२० च्या मार्चमध्ये आला होता, जवळजवळ तसाच. म्हणणं असं : हे विषाणू थंड देशांचे, २७ अंशांवर मरतात. मुंबईची हवा उष्ण आणि दमट, त्यामुळे इथे साथ टिकत नाही. पावसात तर हवा धुऊनच निघते. तरीही भीती वाटत असेल तर दारं-खिडक्या लावून एसीत बसा. पाठवणारे काका मनाने भले आहेत, काळजीपोटीच पाठवतात. पण यावर भरवसा ठेवून माणसं निर्धास्त होतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

२७ अंशांचं आधी उरकू. विषाणू वाढतो माणसाच्या शरीरात आणि शरीराचं तापमान असतं ३७ अंश. २७ वर तो मरत असता तर आजार कुणाला झालाच नसता. हा मजकूर तेव्हा युनिसेफच्या नावावर खपवला गेला होता. तो आमचा नाही, असं युनिसेफने तेव्हाच सांगितलं होतं.

'उष्ण-दमट हवेत साथ टिकत नाही' यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. थंड, कोरड्या हवेत अनेक श्वसनविषाणू जास्त वेळ तग धरतात, आपल्या नाकातलं अस्तरही कोरडं पडतं. कडक ऊन उघड्यावरचे विषाणू लवकर निकामी करतं. पण आजार पसरतो तो बहुतेक चार भिंतींच्या आत, एकाने सोडलेला श्वास दुसऱ्याने घेतल्याने. तिथे ऊन पोहोचत नाही. ब्राझीलमधलं मानाउस शहर अ‍ॅमेझॉनच्या जंगलात आहे, मुंबईइतकंच घामट. तिथे २०२० च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जानेवारीत हाहाकार उडाला. मुंबईत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एका दिवसात ११ हजारांवर रुग्ण सापडले, ते एप्रिल २०२१ च्या उकाड्यात. आणि शंभर वर्षं मागे जायचं तर १९१८ चा इन्फ्लुएंझा मुंबईत शिरला जूनमध्ये. दुसरी, जास्त जीवघेणी लाट आली सप्टेंबर-ऑक्टोबरात. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात शहरात ७६८ माणसं गेली. ऑक्टोबर हीट काय असते, हे मुंबईकराला सांगायला नको.

मला सगळ्यात जास्त बोलका वाटतो तो जुलै २०२० चा सिरो सर्व्हे, म्हणजे किती जणांना कोरोना होऊन गेला हे रक्तावरून शोधणारी पाहणी. माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे आजार होऊन गेल्याची खूण, सापडल्या, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. हवा तीच, समुद्र तोच, दमटपणा तोच. फरक होता तो एका खोलीत झोपणाऱ्या माणसांचा आणि सामायिक संडासापुढच्या रांगेचा.

'पावसात हवा धुऊन निघते.' धूळ बसते, हे खरं. पण मुंबईत दरवर्षी फ्लूचे रुग्ण वाढतात ते पावसाळ्यातच. दमटपणाने विषाणू संपत असता तर जुलै आपला सगळ्यात निरोगी महिना ठरला असता. यात हवेइतकाच आपल्या सवयींचाही वाटा असावा, असं मला वाटतं. माझं बालपण गिरगावात चाळीत गेलं. उन्हाळ्यात दिवसभर दार सताड उघडं, गॅलरीतून वारा आरपार. जूनमध्ये गॅलरीला ताडपत्री बांधली की तीच खोली बंद डबा व्हायची. दोरीवर ओले कपडे, वर पंखा, खाली आम्ही सात जण, आणि एक शिंकला की आठवड्याभरात सगळे. लोकलमध्येही तेच. सर आली की 'खिडकी लावा हो' म्हणून ओरड होते, काचा धुकटतात. तो ओलावा डब्यातल्या सगळ्यांच्या श्वासाचा असतो.

आता एसीचं, कारण हा सल्ला सगळ्यात घातक आहे. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच पुन्हा पुन्हा गार करून फिरवतो. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझूमधल्या एका रेस्टॉरंटात शेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले मिळून दहा जण बाधित झाले. एसीचा झोत त्याच टेबलांवरून फिरत होता. अमेरिकेतही २०२० च्या उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना, टेक्सस, फ्लोरिडा या तापलेल्या राज्यांत साथ उसळली. लोक उकाड्यापासून पळून एसीत बसतात, ते त्यामागचं एक कारण मानलं गेलं. उत्तरेकडच्या राज्यांत मोठी लाट आली ती थंडीत, घरं बंद झाल्यावर. ऋतू उलटे, बंद खोली दोन्हीकडे.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. त्यांचा नातू तापाने आतल्या खोलीत झोपला होता, खिडकी लावलेली, एसी चालू. 'मग पाऊस आत येऊ देऊ का?' असं त्यांनी विचारलं. आपल्याकडे पाऊस बहुतेक एका बाजूने तिरका येतो. आडोशाच्या बाजूची खिडकी वीतभर उघडा, खोलीचं दार उघडं ठेवा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करा, म्हटलं. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला : पडदा आत फुगतोय, म्हणजे हवा येतेय ना?