वेल तोडायची कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

फुलवेलीची नवी प्रजाती कशी नोंदवतात या लेखावर तुम्ही लिहिलंय की जी वेल मोजक्या जागीच उरलीये ती तोडून कागदात दाबणं म्हणजे अभ्यासाच्या नावाखाली नासाडी आहे, आता मोबाइललाही इतके चांगले कॅमेरे असतात तर फोटो आणि लोकेशन टाकून मोकळं व्हावं. झाडांबद्दल मनापासून वाटतं म्हणूनच तुम्हाला राग आलाय हे दिसतंय, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय.

आधी तोडतात म्हणजे काय करतात ते सांगतो. फुलं-पानं असलेला साधारण हातभर तुकडा घेतात, मिळालं तर फळ, आणि मूळ जमिनीत तसंच राहतं, तिथून बहुतेक वेली परत फुटतात. काही गटांत ओळख कंदावरूनच पटते तेव्हा कंदही लागतो, पण दरवेळी नाही. मुळासकट ओरबाडून नेणारेही आहेतच, आणि राग त्यांच्यावर असेल तर मी तुमच्याच बाजूने आहे.

आता फोटो. वेलींच्या बाबतीत तो फार लवकर अपुरा पडतो. सेरोपेजिया किंवा होया या फुलवेलींचे गट घ्या, यांच्या फुलात परागकण सुटे नसतात, मेणचट गठ्ठ्यात असतात, तो गठ्ठा बहुतेकदा मिलिमीटरहूनही लहान, आणि दोन प्रजातींमधला फरक पुष्कळदा त्या गठ्ठ्याच्या आकारात किंवा फुलाच्या आतल्या मुकुटाच्या पाळ्यांत असतो. ते बघायला फूल उभं चिरून मायक्रोस्कोपखाली ठेवावं लागतं. दाबल्यावर नळीसारखं फूल चपटं होतं म्हणून काही फुलं अल्कोहोलमध्ये ठेवतात, पानाचा एक तुकडा डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये सुकवतात. शिवाय वेलीचं एक वेगळंच असतं, खाली सावलीतल्या कोवळ्या फांदीची पानं आणि वर उन्हात फुललेल्या फांदीची पानं कधीकधी इतकी वेगळी असतात की दोन झाडं वाटावीत. कोनफळ ज्या गटातलं त्या डायोस्कोरियात तर नरफुलं एका वेलीवर आणि मादीफुलं दुसऱ्या वेलीवर, म्हणजे एका वेलीचे शंभर फोटो काढले तरी अर्धी माहिती गायबच. फोटोला मी कमी लेखत नाहीये, वाळल्यावर रंग उडतो, फूल लोंबतं की वर बघतं तेही नमुन्यात नीट कळत नाही, तिथे फोटोच कामी येतो.

पण खरा मुद्दा दुसराच आहे. ही प्रजाती नवी आहे म्हणणं हा एक दावा आहे, आणि तो खोडून काढायची सोय दावा करणाऱ्यानेच ठेवायची असते. वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १९५८ पासून टाइप नमुना (ज्या एका नमुन्याशी ते नाव कायमचं जोडलेलं असतं तो) सांगितल्याशिवाय नव्या प्रजातीचं नाव ग्राह्य धरत नाहीत, १९९० पासून तो कुठल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात, ठेवलाय तेही लिहावं लागतं आणि २००७ पासून सूक्ष्म शेवाळं-बुरशींसारखे अपवाद सोडले तर चित्र किंवा फोटो टाइप म्हणून चालत नाही. वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट २०१२ मध्ये गेली, नमुन्याची अट मात्र राहिली, आणि ती राहायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. पन्नास वर्षांनी कुणाला वाटलं की ही वेल नवी नव्हतीच, तर तो तेच वाळलेलं फूल भिजवून उलगडून स्वतः बघू शकतो. फोटोत जे टिपलंच नाही ते नंतर कुठून आणणार? आज जगात १३ लाखांच्या वर वनस्पतींची नावं प्रसिद्ध झालीयेत आणि मान्य प्रजाती साडेतीन लाखांच्या आसपास, हा गुंता सुटतो तो जुने नमुने शेजारी शेजारी ठेवूनच.

"कपाटात धूळ खात पडतं" असंही तुम्ही लिहिलंय. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नव्या म्हणून नोंदवलेल्या फुलझाडांपैकी जेमतेम १६ टक्केच गोळा केल्यापासून पाच वर्षांत नोंदवली गेली होती, आणि जवळपास पाव हिश्श्याच्या नोंदींत पन्नास वर्षांहून जुने नमुने होते. वेल नाही, पण व्हिक्टोरिया बोलिव्हियाना हे अवाढव्य पानांचं कमळ २०२२ मध्ये नवं म्हणून नोंदवलं गेलं, त्याचा नमुना लंडनच्या क्यू हर्बेरियममध्ये १७७ वर्षं होता! हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तशी पानांवरची रंध्रं कमी होत गेली हे १९८७ मध्ये कळलं तेही हर्बेरियमच्या जुन्या पानांवरूनच, ती पानं गोळा करणाऱ्यांच्या हे स्वप्नातही नसेल. आणि एकाच वेलीचे जोड-नमुने, म्हणजे एकाच वेळी घेतलेले जादा तुकडे, वेगवेगळ्या संस्थांत का पाठवतात विचारलंत, तर मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जळालं आणि असंख्य टाइप नमुने गेले, तेव्हा दुसरीकडे ठेवलेल्या जोड-नमुन्यांनीच पुढच्या अभ्यासकांना वाचवलं.

लोकेशन टाकायचं मात्र मला अजिबात पटत नाही. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स हे ऑर्किड १९९९ मध्ये जगासमोर आलं आणि गोळा करून विकणाऱ्यांनी ते काही वर्षांतच जंगलातून जवळपास संपवलं. देखण्या फुलांच्या वेलीचंही तेच होऊ शकतं, म्हणून अचूक जागा संशोधक आणि संवर्धन करणाऱ्यांपुरती राहू दे. एका नमुन्यासाठी कापलेला तुकडा वेल भरून काढते, ऑनलाइन पडलेलं लोकेशन परत घेता येत नाही.

तुम्ही वेलींचे फोटो काढता असं लिहिलंत म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी फुलाच्या समोरच्या फोटोसोबत फूल मागून आणि बाजूने, पानाची खालची बाजू, पान खोडाला जोडलेलं असतं ती जागा, तणावे असतील तर ते कुठून फुटलेत आणि वेल आधाराला कुठल्या बाजूने वळसे घेते एवढं घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. तुम्हाला ओळखता न आलेल्या वेलीचे असे फोटो जवळच्या हर्बेरियमला पाठवलेत तर नमुना घ्यायची गरज आहे की नाही हे न तोडताच ठरवता येईल.