रिफ्रेशर आणि वर्गाबाहेरची पंचवीस मिनिटं

आमच्या सांगलीच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा रिफ्रेशरवरून, म्हणजे प्राध्यापकांना बढतीसाठी कराव्या लागणाऱ्या प्रशिक्षणवर्गावरून, जुंपली. एका सरांचं कॅसचं (बढतीचं) प्रकरण दोन आठवड्यांच्या कोर्सपायी अडलंय. दुसरे म्हणाले, "ऑनलाइन लावा, कॅमेरा बंद ठेवा आणि पेपर तपासत बसा." तिसऱ्यांनी मला गाठलं, "मॅडम, तुमच्या अमेरिकेत असला फार्स नसेल!"

आहे की. दर ऑगस्टला ईमेल येतो: डेटा सुरक्षा, लैंगिक छळ प्रतिबंध, आग लागली तर काय करायचं. व्हिडिओ बघा, पाच प्रश्न सोडवा, चुकलात तर पुन्हा सोडवा. डीनपासून ऑफिसातल्या क्लार्कपर्यंत सगळे 'पुढे, पुढे' दाबत सुटतात. त्यातलं एक तर मी पोळ्या लाटता लाटता उरकलंय.

पण इथल्या एका गोष्टीने मला खरंच हलवलं. सेमिस्टरच्या मध्यावर, आपण बोलावलं तरच, अध्यापन केंद्रातली एक बाई वर्गात येते आणि आपल्याला बाहेर काढते. (अशी केंद्रं इथं जुनी आहेत, मिशिगन विद्यापीठातलं 1962 सालचं.) ती विद्यार्थ्यांचे गट पाडते आणि विचारते, शिकायला काय उपयोगी पडतंय, काय बदलायला हवं. पंचवीस मिनिटं मी कॉरिडॉरमध्ये, पोटात गोळा घेऊन. नंतर तिने सांगितलं, "तुम्ही प्रश्न विचारता आणि दोन सेकंदांत उत्तरही स्वतःच देता, असं मुलं म्हणतात." बारा वर्षं मी हेच करत होते. 'प्रभावी संप्रेषण' या विषयावरची तीन व्याख्यानं मी तिकडे भारतात ऐकली होती, तीही वक्त्याने सलग दीड तास बोलून दिलेली.

आणि हा अहवाल विभागप्रमुखाकडे जात नाही. बढतीच्या फायलीत लागत नाही. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. आपल्याकडे 1986च्या शैक्षणिक धोरणानंतर अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं (प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची केंद्रं) निघाली, त्यांची एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्रं) झाली, आता मालवीय मिशनची पाटी लागली. पण तिथून बाहेर पडणारा कागद पहिल्यापासून फायलीसाठीच. 2010 साली एपीआयचे, म्हणजे बढतीसाठी प्राध्यापकाचं काम आकड्यांत मोजणारे, गुण आल्यावर तर बघायलाच नको. मग 'मला हे शिकवायला जमत नाही' असं कोण कबूल करणार?

त्यातही निवासी कोर्सला एक गंमत होती. विदर्भातले एक सर घरी गोंडी बोलणाऱ्या मुलांना गणित कसं समजावतात, ते मी चहाच्या टपरीवर ऐकलं, सभागृहात नाही. ऑनलाइनमध्ये नेमकी ती टपरीच गेली.

आणखी एक. मी पहिली चार वर्षं तासिका तत्त्वावर होते. कार्यशाळेला कुणी पाठवलं नाही, आणि पाठवलं असतं तरी तेवढ्या तासिकांचे पैसे बुडाले असते. इथंही सेमिस्टरपुरते नेमलेले शिक्षक शिकवण्याचा मोठा भार उचलतात, आणि कार्यशाळेच्या वेळी दुसऱ्या कॉलेजकडे गाडी हाकत असतात. याबाबतीत दोन्ही देश सख्खे भाऊ.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: फायलीबियलीचं सोडा, एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर एक तास बसून बघा. निळ्या टिका सगळ्यांच्या आल्या. उत्तर एकच, तेही खासगीत: "मॅडम, प्राचार्यांना कळलं तर?"