दहावीतलं पोरगं आणि ४२ किलोमीटर

पिंट्यानं मोबाइल प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवला. फोटोत त्याच्या मावसबहिणीचा मुलगा, लॉस एंजेलिसला दहावीत शिकणारा. गळ्यात मेडल, ओठ पांढरे पडलेले आणि हसू कानापर्यंत.

"फुल मॅरेथॉन मारली भाच्यानं. शाळेतनं गेलेला."

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर एरवी विषय नगरपालिकेवरून सुरू होऊन पावसावर संपतो. त्या संध्याकाळी तो पळण्यावर अडकला तो अडकलाच.

अण्णांनी भेळेचा कागद खाली ठेवला. "दहावीत? आईबाप काय करत होते?"

"रस्त्याकडेला उभे राहून ओरडत होते, पळ म्हणून."

"म्हणजे बुधियाच की! ओडिशाचा बुधिया सिंग आठवतो का? २००६ साली चार वर्षांच्या पोराला पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत पळवलं, ६५ किलोमीटर. मे महिन्यात! शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. लोक तेव्हाही टाळ्याच वाजवत होते."

खरं तर इथं सगळ्यांनी गप्प बसावं असाच मुद्दा होता. पण डॉक्टर गप्प बसणाऱ्यातले नाहीत. (डॉक्टर दातांचे, पण दरवर्षी यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन पळतात, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द चालतो.)

"अण्णा, चार वर्षं आणि सोळा वर्षं एका तागडीत घालू नका. अमेरिकेतच, मिनेसोटात ट्विन सिटीज मॅरेथॉन होते. तिथं १९८२ ते २००७ या काळात अठराच्या आतल्या तीनशेच्या वर मुलांनी शर्यत पुरी केली. वैद्यकीय तंबूत यावं लागलं ते बोटावर मोजण्याइतक्यांना, तेही किरकोळ कारणांसाठी."

"मग आपल्या मुंबई मॅरेथॉनला फुलसाठी अठरा पूर्ण लागतात ते कशाला?"

"बरोबरच आहे तो नियम. एकट्यानं फॉर्म भरून येणाऱ्याची तयारी कोण तपासणार? वाढत्या वयात हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. तिच्यावर रोजचा मारा वाढला, झोप आणि खाणं कमी पडलं, की दुखणं लागतं. शर्यतीचा एक दिवस पोरगं काढून नेईल हो. त्याच्या आधीचे सहा महिने कसे गेले, ते विचारा."

पिंट्याला हीच फट हवी होती. भाचा ज्या उपक्रमातनं पळाला त्याची सगळी कथा त्यानं सांगितली, आणि त्याच्या मानानं बरीच नीट सांगितली.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला बॉइल हाइट्स म्हणून वस्ती आहे, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांची. नेहमीच्या हायस्कूलमध्ये मागं पडलेली, शाळा सोडायच्या बेतात असलेली मुलं जिथं पाठवतात, अशी एक शाळा तिथं होती. तिथले शिक्षक हॅरी शबाझियन. १९८०च्या दशकाच्या शेवटाला त्यांनी आपल्या पोरांपुढं पैज टाकली: माझ्याबरोबर तयारी करा आणि शहराची मॅरेथॉन पुरी करून दाखवा. ज्यांच्याकडून कुणी दहावी-बारावीचीही आशा धरत नव्हतं ती पोरं ४२.१९५ किलोमीटर गेली. पुढं एरिक स्पिअर्स आणि पॉल ट्रपानी हे आणखी दोन शिक्षक येऊन मिळाले, मग शाळा मंडळानं उपक्रम उचलला आणि १९९३पासून 'स्टुडंट्स रन एलए' ही स्वतंत्र संस्था झाली. आता दरवर्षी हजारो मुलं उतरतात आणि सुरुवातीच्या रेषेवर उभ्या राहिलेल्या शंभरातली ९५हून जास्त शेवटाला पोचतात.

"बूट, कपडे, शर्यतीची फी, बसचं भाडं, सगळं फुकट," पिंट्या म्हणाला. "देणग्यांवर चालतं. शाळा उघडल्यावर सुरुवात, मार्चमध्ये मॅरेथॉन. मध्ये आधी पाच किलोमीटरची शर्यत, मग दहा, मग हाफ, मग तीसच्या आसपास. एकदम उडी नाही."

"आणि शिक्षक शिट्टी घेऊन मैदानात उभे, असंच ना?" अण्णा.

"नाही. शिक्षकही पळतात. तेच अंतर, त्याच पोरांबरोबर."

आता मास्तर हलले. मास्तर म्हणजे आमचे निवृत्त पी.टी.चे सर. अर्धा तास शेंगा सोलत नुसते ऐकत होते.

"हे बोलला असतास आधी, तर एवढा वाद झालाच नसता. आमची खरी गोची तीच होती रे. मी पोरांना पळायला लावायचो आणि स्वतः झाडाखाली. पोरगं दमलं का नाटक करतंय, हे सावलीत बसून कळत नाही. शेजारी पळणाऱ्याला श्वासावरनं कळतं."

मला विचाराल तर बुधिया आणि बॉइल हाइट्स यांतला फरक वयापेक्षाही इथंच आहे. एकीकडं एकटं लेकरू आणि बघ्यांची गर्दी. दुसरीकडं घोळका, आणि त्या घोळक्यात पन्नाशीची भूगोलाची बाईसुद्धा आहे, जिच्या पायालाही तेवढेच फोड आलेत. ती थांब म्हणाली तर पोरगं थांबतं.

अण्णा मात्र हार मानेनात. "अरे, पण ४२च कशाला? दहा पळा, पाच पळा. आपल्या माण तालुक्याची ललिता बाबर बघा. मोही गावची पोरगी, रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली, दहावी आली. शाळेत असताना कुणी तिला मॅरेथॉन पळवली होती का?"

"तिला ऑलिंपिक गाठायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "या पोरांना नंबर काढायचाच नाहीये. सहा तास लागोत, सात लागोत. दहा किलोमीटर नुसत्या जिद्दीवर निघतात. तीसच्या पुढं अंगातला साखरेचा साठा संपतो, पाय लाकडाचे होतात. तिथं सहा महिन्यांची तयारी लागते. आणि दर रविवारी पहाटे उठायची सवय ज्या पोराला लागली..."

"त्याचं गणित सुधारतं, असं म्हणू नका," अण्णांनी मध्येच तोडलं. "जो सहा महिने नेमानं पहाटे उठतो, तो पोरगा मुळातच उठणारा असतो. जे गळाले त्यांचं काय?"

मुद्दा बिनतोड होता. मॅरेथॉन पुरी करणाऱ्यांचे फोटो दिसतात, नोव्हेंबरात यायचं बंद झालेल्यांचे नाहीत. पिंट्याकडं उत्तर नव्हतं. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले की सोडून गेलेल्या पोराच्या घरी जाऊन कुणी चौकशी केली, तर त्यातली काही परत येतात, आणि त्यासाठीही माणसंच लागतात.

"तेच तर," मास्तर म्हणाले. "आमच्या गल्लीतली सात-आठ पोरं संध्याकाळी स्टेडियमवर पळतात. शाळेचेच पांढरे कॅनव्हासचे बूट. एकाच्या टाचेला भोक पडलंय, आत पुठ्ठा घातलाय. कोण जातं त्यांच्याबरोबर?"

कुणीच बोललं नाही. मग पिंट्या म्हणाला, "मी व्हॉट्सॲप ग्रुप काढतो."

"ग्रुप नको. रविवारी सहाला ये."

मग जी घासाघीस झाली ती भाजी मंडईत शोभली असती. डॉक्टरांची अट, अठरा होईपर्यंत दहा किलोमीटरच्या वर नाही. मास्तरांचं म्हणणं, हाफपर्यंत जाऊ द्या, पण वर्षभरानं आणि आईबापांना विचारून. ते काही मिटलं नाही. केळी आणि चिक्की पिंट्याच्या अंगावर पडली. पाणी सायकलवरून न्यायचं ठरलं, सायकल कुणाची हे नाही.

"बुटांचे पैसे मी देतो," अण्णा म्हणाले. "पण पळणार नाही. गुडघे."

"नुसते पैसे नकोत," डॉक्टर म्हणाले. "पोरांना घेऊन दुकानात जा. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा राहिली पाहिजे. घालून चार पावलं पळायला लावा, मगच बिल करा."

"आणि चालणाऱ्या माणसासाठी वेगळे बूट असतात, का तेच?" अण्णांनी विचारलं.